डब्ल्यूपीएफ सॉफ्टवेअरमधली मेमरी लीक शोधायची कशी? एमव्हीव्हीएमवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

लातूर, जालना, परभणी, नांदेड, कुठल्याही मोंढ्यात जा. आडतीच्या दुकानात काट्याशेजारी एक संगणक दिसतो. त्यावर सकाळी उघडलेलं सॉफ्टवेअर रात्री हिशेब मिटेपर्यंत बंद होत नाही. ऐन सोयाबीनच्या हंगामात पावतीचा स्क्रीन दिवसभर सारखा उघडतो आणि मिटतो. सकाळी झटकन उघडणारी पावती दुपारनंतर रेंगाळायला लागते, संध्याकाळी ‘आउट ऑफ मेमरी’ येतं आणि मुनीम तुम्हाला फोन लावतो. तोवर त्याने स्वतःचा उपाय शोधलेला असतो: "बंद करून चालू केलं की चालतंय बगा."

चालतं, कारण प्रोसेस संपली की विंडोज तिची सगळी मेमरी परत घेतं. आपल्याकडे हे काम वीजही परस्पर करून टाकते. दिवसातून एकदा लाइट जाते, संगणक नव्याने सुरू होतो आणि लीक, म्हणजे काम संपलेल्या वस्तूंची मेमरी परत न मिळणं, लपून राहते. दुकानात चांगला इन्व्हर्टर बसला की सॉफ्टवेअर अचानक ‘बिघडतं’. ते आधीपासूनच गळत असतं.

सी शार्प येतं, डब्ल्यूपीएफमध्ये स्क्रीन बांधता येतो, पण मेमरी प्रोफायलर (मेमरीत काय पडून आहे ते दाखवणारं साधन) कधी उघडलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतो. पावतीचा स्क्रीन म्हणजे व्ह्यू, त्यामागे स्क्रीनची माहिती आणि वागणं सांभाळणारं पावतीव्ह्यूमॉडेल (या विभागणीलाच एमव्हीव्हीएम म्हणतात), आणि सगळ्या सॉफ्टवेअरसाठी मिळून एकच काटासर्व्हिस. ही सर्व्हिस सीरियल पोर्टवरून वजन वाचते आणि वजन बदललं की एक इव्हेंट उडवते.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. शोधायचं आहे ते हे, की बंद झालेल्या स्क्रीनला अजून कोण धरून बसलंय. सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय याच्या मागे लागलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

आधी हे जमवा

- सॉफ्टवेअरचा रिलीज बिल्ड आणि त्याच बिल्डच्या पीडीबी फाइल. डीबग बिल्डवर तपासू नका, का ते पुढे सांगतो.
- व्हिज्युअल स्टुडिओ. मोफत मिळणाऱ्या कम्युनिटी आवृत्तीतही मेमरीचे स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत कुठल्या वस्तू आहेत त्याची नोंद) घेऊन त्यांची तुलना करता येते.
- पर्फव्ह्यू. मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन. दिसायला रुक्ष आहे, पण दुकानातल्या संगणकावर इन्स्टॉल न करता चालतं.
- डॉटमेमरी. हे विकत घ्यावं लागतं, चाचणीची मुदत मिळते. नवख्याला सगळ्यात लवकर कळणारं हेच, असं माझं मत.
- सिसइंटर्नल्सचं प्रॉकडम्प, ग्राहकाकडून डम्प (चालू प्रोसेसच्या मेमरीची फाइलमधली प्रत) आणायचा असेल तर.
- सॉफ्टवेअर डॉट नेट फ्रेमवर्कवर आहे की डॉट नेट कोअर ३.१ किंवा त्यापुढच्यावर, आणि प्रोसेस ३२ बिट आहे की ६४ बिट, याची खात्री. साधनं यावर ठरतात.
- वही. कुठल्या कृतीनंतर कुठला स्नॅपशॉट घेतला ते लिहून ठेवलं नाही तर संध्याकाळी सगळे स्नॅपशॉट सारखेच दिसतात.

१. खरंच लीक आहे का, ते ठरवा

डॉट नेटचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणाऱ्या वस्तू मेमरीतून काढणारा भाग, गरज पडल्याशिवाय झाडू हातात घेत नाही. त्यामुळे आकडा चढतोय एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. निरोगी सॉफ्टवेअरचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो, चढतो आणि पडतो. तुम्ही दात्यांचं तळ बघा. प्रत्येक मोठ्या सफाईनंतरचं तळ आधीच्यापेक्षा वर सरकत असेल तर लीक आहे.

टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरच्या मेमरीच्या आकड्यावर विसंबू नका. डिटेल्स टॅबवर जाऊन ‘कमिट साइज’, ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ आणि ‘यूझर ऑब्जेक्ट्स’ हे तीन रकाने चालू करा. जीडीआय आणि यूझर ऑब्जेक्ट्सना प्रत्येक प्रोसेससाठी मूळ मर्यादा १०,००० ची असते. हा आकडा तिकडे सरकत असेल तर तुमचा शोध छपाई, आयकॉन किंवा जुन्या विंडोज फॉर्म्स कंट्रोलकडे वळवा.

मग दोन आकडे एकत्र बघा: प्रोसेसचे प्रायव्हेट बाइट्स आणि डॉट नेटच्या सगळ्या हीपचे (डॉट नेटच्या वस्तू जिथे राहतात ती मेमरी) मिळून बाइट्स. जुन्या फ्रेमवर्कसाठी हे दोन्ही विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये मिळतात, नव्या डॉट नेटसाठी हीपचा आकडा डॉटनेट-काउंटर्समधून घ्या, प्रायव्हेट बाइट्स परफॉर्मन्स मॉनिटरमध्येच बघा. दोन्ही एकत्र वाढत असतील तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. प्रायव्हेट बाइट्स वाढतायत आणि हीप जागच्या जागी आहे, म्हणजे गळती डॉट नेटच्या बाहेर आहे. त्यात चित्रं, ड्रायव्हर, कॉम घटक येतात. यापैकी चित्रांबद्दल पुढे बोलू.

दोन्ही स्थिर आहेत, तरी स्क्रीन मंद आहे? मग ती लीक नाही. हजारो ओळींचा डेटाग्रिड स्क्रोलव्ह्यूअरमध्ये घातलाय का ते बघा. तसं केलं की ग्रिडला अमर्याद उंची मिळते, व्हर्च्युअलायझेशन बंद पडतं आणि न दिसणाऱ्या ओळीही बांधल्या जातात. मेमरी लीक म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

३२ बिट प्रोसेसबद्दल एक सूचना. तिला मुळात २ जीबी पत्ते मिळतात आणि त्यातही तुकडे पडतात, म्हणून ‘आउट ऑफ मेमरी’ २ जीबी भरायच्या बरंच आधी येऊ शकतं. संगणकात ८ जीबी रॅम असली तरी उपयोग नाही. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ‘प्रिफर ३२ बिट’ची खूण तशीच राहिली आहे का, ते पाहून घ्या. मात्र ६४ बिटवर नेणं हा लीकवरचा उपाय मानू नका. त्याने तक्रार फक्त पुढच्या हंगामावर जाते.

२. एकच कृती, ठरावीक वेळा

‘दिवसभर वापरल्यावर मंद होतं’ या तक्रारीतून काही सापडत नाही. तिचं रूपांतर ‘पावती उघडून बंद केली की एक पावतीव्ह्यूमॉडेल शिल्लक राहतं’ अशा वाक्यात करायचं आहे.

रिलीज बिल्ड, डीबगर न जोडता चालवा. डीबग बिल्डमध्ये स्थानिक व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत धरले जातात, त्यामुळे नसलेली लीक दिसते. मग स्क्रीन दोन-तीनदा उघडून बंद करा, पण स्नॅपशॉट घेऊ नका. पहिल्या वेळी झॅमल वाचलं जातं, फॉन्ट आणि स्टाइल लोड होतात, कोड कंपाइल होतो. ही वाढ एकदाच होते आणि ती खरी लीक झाकून टाकते. यानंतर पहिला स्नॅपशॉट घ्या.

आता तीच कृती ७ किंवा ११ वेळा करा. १० वेळा नको. ७ ही संख्या हीपमध्ये योगायोगाने सहसा दिसत नाही. दुसऱ्या स्नॅपशॉटमध्ये कुठल्या क्लासच्या नेमक्या ७, १४ किंवा २१ वस्तू वाढलेल्या दिसल्या तर बोट तिथेच ठेवायचं.

काटा ऑफिसमध्ये नसणार. काटासर्व्हिस इंटरफेसच्या मागे असेल तर दर सेकंदाला वजन पाठवणारी खोटी सर्व्हिस अर्ध्या तासात लिहून होते. नसेल तर कॉमझिरोकॉमसारखं आभासी सीरियल पोर्टांची जोडी करणारं मोफत साधन वापरा. वजन येत नसताना केलेली चाचणी अपुरी असते, कारण वजनाचा इव्हेंट उडाल्याशिवाय अर्धा कोड चालतच नाही.

३. दोन स्नॅपशॉटमधला फरक वाचा

तुलना उघडली की सगळ्यात वर स्ट्रिंग आणि बाइटचे ॲरे दिसतील. ते नेहमीच वर असतात, निरोगी सॉफ्टवेअरमध्येही. तिथे थांबू नका. तुमच्या प्रोजेक्टच्या नेमस्पेसने चाळणी लावा, संख्येतल्या वाढीनुसार क्रम लावा आणि नावात व्ह्यू किंवा व्ह्यूमॉडेल असलेल्या ओळी शोधा.

व्ह्यूमॉडेलचा स्वतःचा आकार काहीशे बाइटही नसेल. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून सोडू नका. त्याच्या पोटात पावतीच्या ओळी असतात, ओळींमध्ये शेतकऱ्याचा तपशील, तपशिलात फोटो. ही वस्तू गेली तर एकूण किती मेमरी मोकळी होईल, तो रकाना बघायचा. डॉटमेमरीत त्याला रिटेन्ड म्हणतात, व्हिज्युअल स्टुडिओत इन्क्लूझिव्ह.

आता यादीत काय उरलंय याकडे नीट बघा, कारण इथे अर्धं निदान होतं.

फक्त व्ह्यूमॉडेल उरलंय आणि व्ह्यू गेलाय, तर व्ह्यूमॉडेलने कुठेतरी नाव नोंदवलंय आणि काढलेलं नाही. डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग व्ह्यूमॉडेलचा प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट वीक रेफरन्सने, म्हणजे वस्तूला जिवंत न ठेवणाऱ्या संदर्भाने, ऐकतं. म्हणून व्ह्यूमॉडेल अडकलं तरी ते व्ह्यूला सोबत ओढत नाही.

व्ह्यूसुद्धा उरलाय, तर धरणारा व्ह्यूच्या बाजूला आहे. कोड-बिहाइंडमधली नोंदणी, चालू टायमर, बिहेविअर, किंवा एखाद्या हुशाराने व्ह्यूमॉडेलमध्ये थेट खिडकीचा संदर्भ ठेवलाय. व्ह्यू अडकला तर तो डेटाकॉन्टेक्स्टमधून व्ह्यूमॉडेललाही धरतो, म्हणून दोन्ही दिसतात. अशा वेळी व्ह्यूमॉडेलच्या मागे वेळ घालवू नका, आधी व्ह्यूची वाट शोधा.

अकरा वेळा उघडून शेवटी नेमकी एकच वस्तू शिल्लक असेल तर ती बहुधा लीक नाही. शेवटच्या बंद झालेल्या स्क्रीनला कीबोर्ड फोकस किंवा ऑटोमेशनचा संदर्भ काही काळ धरून ठेवतो आणि पुढचा स्क्रीन उघडला की सोडतो. दुसराच एखादा स्क्रीन उघडून मग स्नॅपशॉट घ्या.

४. मुळापर्यंतची वाट काढा

उरलेल्या एका वस्तूवर जाऊन ‘पाथ टू रूट’ उघडा. गार्बेज कलेक्टर काही ठरावीक मुळांपासून चालायला लागतो: स्टॅटिक फील्ड, चालू थ्रेडचे स्टॅक, हँडल आणि फायनलायझरची रांग. तिथून जिथवर पोचता येतं ते जिवंत, बाकीचं कचरा. तुमचं व्ह्यूमॉडेल जिवंत आहे म्हणजे त्याच्यापर्यंत कुठून तरी वाट आहेच.

आपल्या उदाहरणात वाट अशी दिसेल: पावतीव्ह्यूमॉडेलला धरलंय एका इव्हेंटहँडलर डेलिगेटने, त्याला डेलिगेटच्या ॲरेने, त्याला काटासर्व्हिसच्या ‘वजन बदललं’ या फील्डने, काटासर्व्हिसला कंटेनरने (सर्व्हिस आणि व्ह्यूमॉडेल बनवून पुरवणारा भाग) आणि कंटेनरला ॲपच्या स्टॅटिक फील्डने. पानभर लांब वाट असली तरी त्यात एकच सांधा शोधायचा असतो. जिथे दीर्घायुषी वस्तू संपते आणि अल्पायुषी सुरू होते, तो. इथे तो काटासर्व्हिस आणि डेलिगेट यांच्यामध्ये आहे.

दिशेबद्दल जवळजवळ प्रत्येक नवखा गोंधळतो. ‘व्ह्यूमॉडेलने इव्हेंट ऐकला म्हणजे व्ह्यूमॉडेलने सर्व्हिसला धरलं’ असं वाटतं. घडतं उलटं. शेतकरी माल घालून गावाकडे गेला तरी आडत्याच्या वहीत त्याचं खातं राहतं, आणि ते मिटवणं शेतकऱ्याच्या नुसत्या जाण्याने होत नाही. तसं ऐकणाऱ्याचं नाव सांगणाऱ्याकडे नोंदलेलं असतं. सांगणारा जगतो तोवर ऐकणारा जगतो.

यातून एक दिलासाही निघतो. सांगणारा अल्पायुषी असेल तर लीक नाही. स्क्रीनवरच्या बटणाचा क्लिक त्याच स्क्रीनच्या कोड-बिहाइंडने ऐकला तर दोघं एकत्र जातात. म्हणून घाबरून प्रत्येक ठिकाणी -= लिहीत सुटू नका. तसा कोड वाचणाऱ्याला खरी धोक्याची जागा दिसेनाशी होते.

५. ओळखीचे संशयित

वाटेत काय दिसलं यावरून बहुतेक वेळा खालीलपैकी एक निघतं. क्रम माझ्या अंदाजाने, जास्त आढळणारं आधी.

दीर्घायुषी सर्व्हिसचा इव्हेंट. हे वर पाहिलंच. एमव्हीव्हीएममध्ये हे इतकं का घडतं, ते समजून घ्या. या पद्धतीत व्ह्यूमॉडेलला व्ह्यू माहीत नसतो, आणि तोच तिचा फायदा आहे. पण त्यामुळे स्क्रीन बंद झाला हेही त्याला आपोआप कळत नाही. जन्माची खबर कन्स्ट्रक्टरमधून मिळते, मरणाची खबर द्यायला कुणी नेमलेलं नसतं. ती व्यवस्था तुम्हालाच करावी लागते. त्यात पुन्हा नोंदणी लॅम्डाने केली असेल तर तोच लॅम्डा -= पुढे परत लिहून उपयोग नाही. तो नवा डेलिगेट होतो, जुना तसाच राहतो, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. नाव असलेली मेथड वापरा, नाहीतर डेलिगेट फील्डमध्ये ठेवा.

डिस्पॅचरटायमर. बाजारभाव दर काही सेकंदांनी ताजे करणारा स्क्रीन असेल तर हा नक्की तपासा. चालू टायमरची यादी डिस्पॅचर स्वतःकडे ठेवतो, टायमर टिकच्या डेलिगेटला धरतो, डेलिगेट स्क्रीनला. टायमरचा व्हेरिएबल नल केल्याने काही होत नाही, स्टॉप म्हणावं लागतं.

डिपेंडन्सी इंजेक्शनचा कंटेनर. हा सगळ्यात चकवणारा. मायक्रोसॉफ्टच्या कंटेनरमध्ये ट्रान्झियंट म्हणून नोंदलेली आणि आयडिस्पोजेबल असलेली वस्तू थेट रूट प्रोव्हायडरकडून मागितली, तर कंटेनर तिला स्वतः डिस्पोज होईपर्यंत धरून ठेवतो, कारण शेवटी तिला डिस्पोज करायची जबाबदारी त्याने घेतलेली असते. तुम्ही मध्येच डिस्पोज केलं तरी यादीतून नाव जात नाही. आता गंमत बघा: इव्हेंटची लीक मिटवायला तुम्ही व्ह्यूमॉडेलवर आयडिस्पोजेबल लावता, आणि त्याच क्षणी कंटेनर त्याला पकडतो. पहिली लीक गेली, दुसरी आली, आणि माणूस म्हणतो डिस्पोज करूनही फरक पडत नाही. प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळा स्कोप उघडा आणि स्क्रीनसोबत तो बंद करा, किंवा व्ह्यूमॉडेल फॅक्टरीने हाताने बनवा.

आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड नसलेल्या साध्या क्लासला केलेलं बाइंडिंग. वाटेत प्रॉपर्टीडिस्क्रिप्टर असं नाव दिसलं की हे. बदल कळावा म्हणून डब्ल्यूपीएफ अशा वेळी प्रॉपर्टीडिस्क्रिप्टरकडे नोंदणी करतं, आणि तिथून त्या वस्तूला स्ट्राँग रेफरन्स जातो. त्या वस्तूतून फिरून वाट स्क्रीनपर्यंत परत जात असेल तर सगळं अडकतं. मूल्य बदलणारच नसेल तर बाइंडिंगचा मोड वनटाइम ठेवा. बदलणार असेल तर तो इंटरफेस लावा, लीक थांबवण्यापुरता रिकामा लावला तरी चालतो.

डिपेंडन्सीप्रॉपर्टीडिस्क्रिप्टरची ॲडव्हॅल्यूचेंज्ड मेथड. बिहेविअर लिहिणाऱ्यांची आवडती. जोडीला रिमूव्हव्हॅल्यूचेंज्ड आहे का, एवढंच बघा.

मेसेंजर. व्ह्यूमॉडेलना एकमेकांत निरोप पाठवायचं हे साधन. कम्युनिटी टूलकिटमध्ये वीक आणि स्ट्राँग असे दोन मेसेंजर आहेत. स्ट्राँग वेगवान आहे म्हणून कुणी घेतला असेल तर नाव काढणं सक्तीचं होतं. प्रिझम या एमव्हीव्हीएमच्या लायब्ररीचा इव्हेंटॲग्रिगेटर मुळात वीक असतो, पण नोंदणी करताना संदर्भ जिवंत ठेवण्याचा पर्याय ट्रू दिलेला असेल तर तोच प्रश्न येतो. प्रिझम वापरत असाल तर रीजन, म्हणजे खिडकीतली व्ह्यू बसवायची जागा, तीही तपासा. त्यात घातलेला व्ह्यू तिथून काढला जाईपर्यंत राहतो, नुसता नजरेआड झाल्याने जात नाही. त्यासाठी आयरीजनमेंबरलाइफटाइम आहे.

स्वतःचीच यादी. ‘उघडलेल्या पावत्या’ नावाचं ऑब्झर्व्हेबलकलेक्शन, ज्यात घालणारा कोड आहे आणि काढणारा नाही. वाचून हसू येईल, पण टॅबवाल्या सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास सापडतं.

आणि चित्रं. मोबाइलवर काढलेला ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर ३ एमबीचा असेल. पडद्यासाठी उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. शेतकऱ्याचा फोटो अंगठ्याएवढा दाखवायला ४८ एमबी. ही मेमरी डॉट नेटच्या हीपबाहेर असते, म्हणून हीपच्या स्नॅपशॉटमध्ये बिटमॅपइमेज चिमुकली दिसते. डीकोडपिक्सेलविड्थ ही प्रॉपर्टी चित्र लोड होण्याआधी भरा.

६. दुरुस्ती कुठे घालायची

अनलोडेड इव्हेंटमध्ये -= लिहायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात सापळा आहे. टॅबकंट्रोलमध्ये टॅब बदलला तरी अनलोडेड येतो, परत आल्यावर लोडेड येतो. कन्स्ट्रक्टरमध्ये नोंदणी आणि अनलोडेडमध्ये रद्द अशी जोडी केली, तर मुनीमाने भाव बघायला टॅब बदलला आणि परत आला की पावतीवर वजनच येत नाही. नोंदणी लोडेडमध्ये आणि रद्द अनलोडेडमध्ये, अशी बरोबरीची जोडी व्ह्यूपुरती चालते.

व्ह्यूमॉडेलसाठी मी नेव्हिगेशनवर जबाबदारी टाकतो. जो स्क्रीन उघडतो तोच बंद करतो, आणि बंद करताना व्ह्यूमॉडेल आयडिस्पोजेबल असेल तर डिस्पोज म्हणतो. हे एका जागी लिहिलं की प्रत्येक स्क्रीनला वेगळं काही करावं लागत नाही.

वीकइव्हेंटमॅनेजर डॉट नेट ४.५ पासून सरळ जनरिक रूपात मिळतो, आणि ज्या सर्व्हिसचा कोड तुमच्या हातात नाही तिथे तो सोयीचा आहे. तरी पहिली निवड तो नसावी. वीक रेफरन्समुळे व्ह्यूमॉडेल कधीतरी जातं, पण गार्बेज कलेक्टर येईपर्यंत ते इव्हेंट ऐकतच राहतं. काट्याच्या बाबतीत हे महागात पडतं. बंद झालेली पावती मागे बसून नवं वजन पकडते आणि एकाच वजनाच्या दोन नोंदी होतात. ग्राहक ही तक्रार ‘डबल एंट्री’ म्हणून सांगतो. मेमरीचा विषय त्याच्या डोक्यातही नसतो. डबल नोंदीची तक्रार आली की म्हणूनच आधी लीक तपासा.

७. गेली का, ते सिद्ध करा

तीच कृती, तितक्याच वेळा, तेच दोन स्नॅपशॉट. वाढ शून्य हवी. ‘बरीच कमी झाली’ याचा अर्थ दुसरी वाट अजून शिल्लक आहे. एका वस्तूला दोन-तीन जण धरून असू शकतात आणि शेवटचा सोडेपर्यंत आकडा ढिम्म हलत नाही. त्यामुळे पहिली दुरुस्ती केल्यावर काहीच बदल दिसला नाही तरी ती लगेच उलटवू नका, वाट पुन्हा काढून बघा. बहुधा ती आता वेगळी दिसेल.

मग एक युनिट टेस्ट लिहून ठेवा. व्ह्यूमॉडेल बनवा, त्याचा वीकरेफरन्स घ्या, डिस्पोज करा, जीसी कलेक्ट, वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स आणि पुन्हा कलेक्ट म्हणा, आणि इजअलाइव्ह फॉल्स आलं का तपासा. बनवण्याचा भाग वेगळ्या मेथडमध्ये ठेवून तिला नोइनलाइनिंग लावा, नाहीतर टेस्टचाच स्टॅक वस्तूला धरून ठेवेल. काटासर्व्हिस मात्र टेस्ट संपेपर्यंत जिवंत ठेवा. तीही कचऱ्यात गेली तर टेस्ट हिरवी येईल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

८. ऑफिसात दिसतच नसेल तर

काही लीक फक्त दुकानात दिसतात. तिथला काटा, प्रिंटर आणि मुनीमाच्या सवयी तुमच्याकडे नसतात. मग डम्प आणावा लागतो.

नवं डॉट नेट असेल तर डॉटनेट-जीसीडम्प पुरतं. त्यात वस्तूंचे प्रकार, आकार आणि एकमेकांशी नातं एवढंच येतं, आतला मजकूर येत नाही, त्यामुळे फाइलही लहान असते. जुन्या फ्रेमवर्कसाठी पर्फव्ह्यूचा हीप स्नॅपशॉट घ्या. दोन्ही साधनं क्षणभर सॉफ्टवेअर थांबवतात.

पूर्ण डम्प लागलाच तर प्रॉकडम्प एमए पर्यायासह चालवा. प्रोसेस ३२ बिट असेल तर ६४ बिट टास्क मॅनेजरमधून डम्प काढू नका. तो वाचताना डॉट नेटची माहिती नीट उघडत नाही आणि तुमची खेप वाया जाते. प्रॉकडम्प ३२ बिट प्रोसेसचा ३२ बिट डम्पच काढतो. डम्प प्रोसेसच्या मेमरीएवढा मोठा होतो, म्हणून डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा. विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डीबगरमध्ये एसओएस हे डॉट नेटसाठीचं एक्स्टेन्शन चढवून डम्पहीपला स्टॅट पर्याय दिला की प्रकारांची यादी मिळते, आणि एका वस्तूचा पत्ता देऊन जीसीरूट म्हटलं की चौथ्या पायरीतली वाट मिळते.

पूर्ण डम्पमध्ये मेमरीतलं सगळं असतं: शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँक खाती, तुमच्या डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. तो व्हॉट्सॲपवर किंवा कुणाच्या खासगी ड्राइव्हवर टाकू नका. मालकाला विचारून पेन ड्राइव्हवर घ्या, काम झालं की पुसा.

वेळही विचारून ठरवा. सौदा चालू असताना किंवा काट्यावर गाड्यांची रांग असताना स्क्रीन अर्धा मिनिट गोठला तर तुमचं कुणी ऐकून घेणार नाही. वाढ दिसायला दुपार उलटावी लागते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत पहिला आणि काटा थांबल्यावर दुसरा, असे दोन डम्प घ्या. मधल्या वेळात किती पावत्या झाल्या तो आकडा मुनीमाकडून लिहून घ्या. वाढलेल्या व्ह्यूमॉडेलची संख्या त्या आकड्याशी ताडून बघायची असते. जुळली तर दर पावतीला एक गळतंय. दुप्पट निघाली तर स्क्रीन दोनदा बनतोय, आणि तो वेगळा बग म्हणून नोंदवायचा.

दुरुस्ती पोचेपर्यंत मुनीमाचा ‘बंद करून चालू’ उपाय चालू राहू द्या, फक्त वेळ ठरवून द्या: जेवणाच्या सुट्टीत, अर्धवट पावती नसताना. आणि नवी आवृत्ती मोंढा बंद असेल त्या दिवशीच टाका, जुनी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून.